उचंत खाते : हुंडीपासून संगणकापर्यंत

इतिहासाचा मास्तर बोलायला उभा राहिला की तो लढायांच्या आणि तहांच्या गोष्टी सांगणार, अशी आपली समजूत असते. ती फारशी चुकीची नाही. पण आज मी आपणांस वहीतल्या एका खात्याचा इतिहास सांगणार आहे. त्या खात्याला आपले जुने कारकून उचंत खाते म्हणतात.

उचंत खाते म्हणजे काय, हे सोसायटीच्या सचिवाला किंवा शाळेच्या हेडमास्तरांना सांगायला नको. पैसे आले, पण कोणाचे ते ठरले नाही. पैसे दिले, पण कशापोटी ते नक्की झाले नाही. अशी रक्कम कोठे लिहायची? जमेस धरावी तर खोटे होते, सोडून द्यावी तर शिल्लक जुळत नाही. म्हणून ती तात्पुरती उचंत खात्यात लिहायची आणि उलगडा झाला की योग्य खात्यात वळती करायची. अर्ध्यावर थांबलेल्या व्यवहारासाठी माणसाने केलेली ही सोय आहे. आज हाताची वही गेली आणि तिच्या जागी संगणक आला. उचंत मात्र गेले नाही, ते यंत्राच्या पोटात जाऊन बसले.

हे मला कळले ते एका फीच्या निमित्ताने. मी गोरेगावला राहतो आणि तिथल्याच एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या वर्गात संगमेश्वर तालुक्यातला एक मुलगा होता. परीक्षेचा फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस होता. वडिलांनी गावाहून मोबाइलवरून साडेचार हजार रुपये पाठवले. त्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाली नाही. फोनवर नुसते ‘प्रलंबित’ असे दिसत राहिले. मुलगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, “सर, पैसे माझ्याकडून तर गेलेत. तिकडं पोचले नाहीत म्हणता. मग मधल्यामध्ये गेले कुठं?”

श्रोतेहो, एम.ए. होऊन वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ते शोधायला मी निघालो आणि पोचलो थेट हुंडीपाशी.

पेशवाईच्या काळात उज्जैनहून किंवा काशीहून पुण्याला पैसा पाठवायचा तर रुपयांच्या थैल्या उंटावर घालून पाठवणे धोक्याचे असे. वाटेत चोर, पेंढारी, नद्यांचे पूर. म्हणून सावकार हुंडी करीत. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, तिथल्या पेढीच्या नावाची चिठ्ठी घ्यायची, आणि ती दाखवून तिथे पैसे उचलायचे. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवसांनी मिळणार असतील तर मुदती. पेढीवाल्याने हुंडी मान्य केली म्हणजे ती सकारली, नाही केली तर नाकारली. हे शब्द आपल्या बोलण्यात अजून आहेत.

आता खरी गोम पाहा. इथे पैसे भरले आणि हुंडी वाटेत गहाळ झाली, तर? भरणाऱ्याचे पैसे गेलेले, घेणाऱ्याला मिळालेले नाहीत. माझ्या संगमेश्वरच्या गृहस्थांचा प्रश्न तोच! त्यावर आपल्या सराफांनी फार शहाणपणाची रीत बसवली होती. हुंडी हरवली तर दुसरी प्रत लिहून द्यायची, तिला म्हणत पैठ. तीही हरवली तर तिसरी प्रत, ती परपैठ. पण नुसती दुसरी प्रत देऊन भागत नाही. समजा, हरवलेली हुंडी कोणाला सापडली आणि त्याने ती वटवली, तर पेढीला एकाच रकमेपोटी दोनदा पैसे मोजावे लागतील. म्हणून पैठेत आधीच्या हुंडीचा हवाला दिलेला असे : ती अमुक तिथीची, अमुक रकमेची हुंडी सकारलेली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत. पैसे देण्यापूर्वी सराफ वही उघडून पाही. आणि एकदा पैसे दिले की ती हुंडी रद्द करून ठेवून दिली जाई. अशा फेडलेल्या हुंडीला खोखा म्हणत. मांडवीच्या व्यापारात जोखमी हुंडी म्हणून आणखी एक प्रकार होता. माल गलबतातून सुखरूप बंदराला लागला तरच तिचे पैसे द्यायचे. तोपर्यंत व्यवहार तरंगता.

या रिवाजांचे महत्त्व इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले. १८८१ साली चेक, हुंडी वगैरे कागदांचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांबाबत ठिकठिकाणचा रिवाज कायम ठेवावा लागला.

तात्पर्य काय, तर अर्ध्यावर थांबलेला व्यवहार पुन्हा सुरू करायचा असेल तर तीन गोष्टी लागतात. पहिली, त्याची पक्की ओळख. दुसरी, आधी काय झाले त्याची नोंद. तिसरी, एकच काम दोनदा होणार नाही याची खात्री. सराफांना कळलेले हे तीन नियम संगणकवाल्यांना पुन्हा नव्याने शोधावे लागले. ती हकीकत आता सांगतो.

संगणक सुरुवातीला गणिते करण्यासाठी होता. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक पुरा झाला, तोही शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीसाठीच. पण अमेरिकेत तोपर्यंत विमानाच्या जागा राखण्याचे काम यंत्राला देण्याची खटपट चालू होती. तिथे प्रश्न निराळा होता. एका मोठ्या संगणकाकडे शेकडो कारकून एकाच वेळी मागणी करणार. असा दुसऱ्यांची कामे करून देणारा संगणक, त्यालाच आज सर्व्हर म्हणतात. आपण त्याला पेढीवरचा मुनीम समजू या.

मुनीम फार चपळ, पण गिऱ्हाईक फार सावकाश! कारकून विचारतो, गिऱ्हाईक डोके खाजवते, घरी विचारून सांगतो म्हणते. तेवढा वेळ मुनिमाने त्याच्याकडे पाहत बसायचे काय? १९६९ साली आय.बी.एम. कंपनीने सी.आय.सी.एस. नावाचे सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्राला दिलेली कामाची रीत, बाजारात आणले. त्याचा उगम वीज, टेलिफोन अशा कंपन्यांच्या ग्राहकसेवेच्या गरजेतून झाला होता. त्यावर काम करणाऱ्यांनी एक युक्ती रूढ केली. गिऱ्हाईक विचार करीत असताना त्याचे काम जिथवर आले तिथवर टिपून बाजूला ठेवायचे, जागा मोकळी करायची आणि दुसऱ्याचे काम घ्यायचे. पहिल्याचे उत्तर आले की टिपण काढून तिथूनच पुढे. मुनीम वहीत खुणेची चिठ्ठी घालून वही मिटतो, तसेच हे.

पण वही मिटणे सोपे, श्रोतेहो. मधेच दिवा गेला तर? यंत्र बंद पडले, आणि एका खात्यातून रक्कम वजा होऊन दुसऱ्यात जमा व्हायची राहिली, तर? या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत जिम ग्रे यांचे नाव पहिले घ्यावे लागते. ते म्हणत, व्यवहार एक तर संपूर्ण झाला पाहिजे किंवा मुळीच झाला नाही असे झाले पाहिजे. अर्धा व्यवहार हा व्यवहारच नव्हे. आणि त्यासाठीचा मुख्य नियम काय? खात्याला हात लावण्यापूर्वी काय करणार ते रोजकीर्दीत लिहा! आधी नोंद, मग कृती. आपल्या कोणत्याही जुन्या दिवाणजीने मान डोलावली असती.

दोन पेढ्या असल्या की घोटाळा वाढतो. त्यासाठी १९७० च्या दशकात दोन टप्प्यांची रीत पुढे आली. तुम्ही बैलबाजारात पाहिले असेल. मध्यस्थ विकणाऱ्याला विचारतो, “पक्कं?” तो म्हणतो, “पक्कं.” घेणाऱ्याला विचारतो, तोही “पक्कं” म्हणतो. मग मध्यस्थ जाहीर करतो, “झाला सौदा!” एकदा “पक्कं” म्हटल्यावर मागे फिरायचे नाही. आता कल्पना करा, दोघांनी होकार दिला आणि “झाला सौदा” म्हणण्यापूर्वीच मध्यस्थाला घेरी आली. बैल कोणाचा? विकणाऱ्याला तो दुसऱ्याला विकता येत नाही, घेणाऱ्याला घरी नेता येत नाही. मध्यस्थ शुद्धीवर येईपर्यंत बैल खुंट्यालाच. संगणकाच्या भाषेत याला संशयात राहिलेला व्यवहार म्हणतात.

१९९१ साली एक्स/ओपन या संस्थेने निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच व्यवहारात कशी भाग घेतील याचे प्रमाण ठरवले. त्यात व्यवहार सुरू करणे आणि संपवणे यांच्या जोडीला दोन आज्ञा स्पष्ट ठेवल्या : स्थगित करा, आणि पुन्हा चालू करा. त्यांचा उपयोग असा. मुनीम एका मोठ्या व्यवहारात गुंतला आहे. मधेच त्याला एक स्वतंत्र नोंद करायची आहे, उदाहरणार्थ, अमुक माणसाने अमुक वाजता प्रयत्न केला. मोठा व्यवहार फिसकटला तरी ही नोंद राहिली पाहिजे. मग तो मोठा व्यवहार स्थगित करतो, त्याची खूण जवळ ठेवतो, स्वतंत्र नोंद पुरी करतो आणि खूण दाखवून पहिला व्यवहार पुन्हा हाती घेतो.

यात एक धोका आहे. स्थगित व्यवहार संपलेला नसतो. त्याने ज्या खात्यांना कुलूप लावले ते तसेच असते आणि दुसरे लोक दाराशी ताटकळत असतात. पुन्हा चालू करायचे राहून गेले तर सगळी पेढी खोळंबते. म्हणून मुदत घालतात. मुदतीत उलगडा झाला नाही तर व्यवहार मोडून सारे पूर्ववत करायचे. मुदत नसलेले उचंत खाते हे गैरव्यवहाराचे बिळ असते, हे आपल्या हिशेबतपासनिसांनाही ठाऊक आहे. ते आले की आधी उचंतच उघडतात.

आता एक मौज सांगतो, खास इतिहासवाल्यांसाठी. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर काय करावे, याची सर्वांत गाजलेली रीत १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हे मोहन मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर, पुढे अमेरिकेत आय.बी.एम.मध्ये गेले. रीतीचे नाव एरीज. यंत्र जागे झाले की आधी रोजकीर्द वाचायची आणि बंद पडण्याच्या क्षणापर्यंत जे जे घडले ते सगळे, बरे आणि अपुरे दोन्ही, पुन्हा करायचे. याला त्यांनी नावच दिले इतिहासाची पुनरावृत्ती! त्यानंतर अपुरे व्यवहार एकेक करून मागे घ्यायचे, आणि मागे घेतल्याचीही नोंद ठेवायची. इतिहास न खोडता आधी तो जसा घडला तसा उभा करायचा आणि मग चूक दुरुस्त करायची, ही शिकवण मला आमच्या विषयातही फार मोलाची वाटते.

आपल्याकडे हे सारे टप्प्याटप्प्याने आले. गोरेगावच्या शेजारी अंधेरीला १९७३ साली सीप्झ हा निर्यात विभाग उभा राहिला आणि तिथून पुढे परदेशांसाठी सॉफ्टवेअर लिहिले जाऊ लागले. रेल्वेचे संगणकी आरक्षण १९८५-८६ साली नवी दिल्लीत सुरू झाले आणि मग मुंबईसारख्या शहरांत आले. १९८७ साली मुंबईत देशातले पहिले ए.टी.एम. लागले. २००८ साली राष्ट्रीय भुगतान महामंडळ स्थापन झाले. २०१० च्या नोव्हेंबरात आय.एम.पी.एस., आणि २०१६ साली यू.पी.आय. आले. आज भाजीवालीच्या टोपलीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद टांगलेला दिसतो, तो यू.पी.आय.चा.

या व्यवस्थेत आपण पैसे पाठवतो तेव्हा काय होते? मधले केंद्र आपल्या बँकेला सांगते, रक्कम वजा करा. तिने केली की दुसऱ्या बँकेला सांगते, जमा करा. दुसरीने उत्तर दिले नाही तर? इथे बैलबाजारातल्यासारखे दोघांना कुलूप लावून ठेवत नाहीत. कोट्यवधी लोकांच्या गर्दीत ते परवडणारे नाही. इथे पायरीपायरीने जातात, आणि पुढची पायरी फसली तर मागची उलट नोंद करून फिरवतात. मोठा व्यवहार असा लहान पायऱ्यांत तोडून प्रत्येकीची उलट पायरी तयार ठेवायची, ही कल्पना १९८७ साली गार्सिया-मोलिना आणि सेलम या दोघांनी शास्त्रशुद्ध मांडली. आपल्या वह्यांत ती होतीच. खाडाखोड करायची नाही, चुकीच्या जमेसमोर तेवढेच नावे लिहायचे.

म्हणजे आमच्या संगमेश्वरच्या गृहस्थांचे पैसे कोठे गेले होते? हवेत नव्हते. एका बँकेने वजा केले होते, दुसरीचे उत्तर आले नव्हते. उत्तर आले नाही याचा अर्थ नकार आला असा होत नाही. काम झाले आणि नुसते उत्तरच वाटेत हरवले, असेही असू शकते. म्हणून घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवणे म्हणजे पैठ नसताना दुसरी हुंडी लिहिणे. एखादे वेळी दोन्ही वटतील! आधी विचारायचे, पहिल्याचे काय झाले?

आता त्या दिवशी काय झाले ते सांगतो. आमच्या कार्यालयातले वयस्क भाऊसाहेब पुढच्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. त्यांनी चष्मा वर केला, मुलाच्या वडिलांकडून व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक फोनवर मागून घेतला, तारीख-वेळेसह रजिस्टरात लिहिला आणि पुढे शेरा मारला, ‘उचंत’. म्हणाले, “सर, पैसे अडकलेत, पोराचं वर्ष कशाला अडकवायचं?” प्राचार्यांची सही घेऊन त्यांनी फॉर्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्कम वडिलांच्या खात्यात परत आली. त्यांनी ती पुन्हा पाठवली, जमा झाली, आणि भाऊसाहेबांनी तो शेरा वळता केला. मुलगा परीक्षेला बसला.

श्रोतेहो, या हकीकतीत यंत्राने आपले काम चोख केले. उलट नोंद झाली, एक पैसा बुडाला नाही. पण यंत्राच्या दृष्टीने जो एक दिवसाचा विलंब, तो त्या मुलाच्या दृष्टीने एक वर्ष होता. यंत्र रक्कम उचंतीत ठेवते; माणसाची वेळ उचंतीत ठेवता येत नाही. ती सोय माणसांनाच करावी लागते. हातावर पोट असणाऱ्याचे दोनशे रुपये चार दिवस अडकले, तर हिशेब शेवटी जुळतो, पण त्या चार दिवसांची चूल कोण पेटवणार?

हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी नियम काढला. यू.पी.आय.ने माणसाने माणसाला पाठवलेली रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेली पाहिजे. दुकानदाराला दिलेल्या पैशांची पोच मिळाली नाही, किंवा ए.टी.एम.मधून नोटा न येता खात्यातून पैसे गेले, तर पाच दिवसांची मुदत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने द्यायची. जुन्या सराफी रिवाजाला आलेले हे नवे रूप आहे. मात्र नियम आपल्याला ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात नफा-तोटा शिकवता, तसा एक तास या उचंतीला द्या. मुलांना सांगा, व्यवहार अडकला तर घाबरू नका आणि लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. क्रमांक, तारीख, रक्कम कागदावर लिहा. मुदत मोजा. मुदत टळली तर आधी बँकेकडे आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लेखी जा. आणि पैसे परत मिळवून देतो म्हणून कोणी गुप्त आकडा मागितला, तर तो चोर समजा. पैसे परत येण्यासाठी आपला आकडा लागत नाही. हीच मुले संध्याकाळी घरी जाऊन आजीला आणि बापाला सांगतील.

जाता जाता एक गोष्ट. ज्या जिम ग्रे यांनी अर्धवट व्यवहाराला अर्धवट न ठेवण्याची विद्या जगाला दिली, ज्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, ते २८ जानेवारी २००७ रोजी एकटेच आपली नौका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रात गेले आणि परतले नाहीत. मित्रांनी, तटरक्षक दलाने, उपग्रहांच्या छायाचित्रांनी शोध केला. ना नौका सापडली ना माणूस. २०१२ साली न्यायालयाने त्यांचा मृत्यू मान्य केला, तोपर्यंत घरच्यांचे पाच वर्षांचे दुःख कोणत्याच खात्यात लिहिता येत नव्हते. काही खाती अशीच राहतात. जी बंद करणे आपल्या हाती आहे, ती तरी मुदतीत बंद करावीत.

आमचे भाऊसाहेब आता निवृत्त झाले. ते रजिस्टर अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. ‘उचंत’ या शेऱ्यावर त्यांनी लाल शाईने एक रेघ मारली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे : वळते केले.